अमृतलालशेठचा जाड फ्यूज

जळगावात कापडाची पारख करावी तर अमृतलालशेठनीच! धागा बोटांत चोळला की माल किती धुण्यांचा सोबती आहे, ते सांगत. त्यामुळे घरातला फ्यूज महिन्यात तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्यांनी ती वितळलेली तारही चोळून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"असला फुसका माल? उद्या धुळ्याचे पाहुणे कुसुमला बघायला येणार, आणि पंखा बंद पडला तर?"

लोटन वायरमन हात जोडून म्हणाला, "शेठ, ती तार तुटाकरताच शे. ती नही तुटनी तर बठ्ठं घर जळी जाई!"

"तुटायसाठी माल कोण बनवतो रे?" असं म्हणून शेठनी त्याला वाटेला लावलं. मग मेन बंद करून फ्यूजमध्ये कपडे वाळत घालायच्या तारेचा तुकडा स्वतःच्या हातानं घट्ट बसवला. त्यांच्या लेकीला, कुसुमला, दोन ठिकाणांहून नकार आला होता. तिसरा आला तर पोर चकार शब्द बोलणार नाही, मुकाट पापड लाटत बसेल, हे त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी मुलाचे वडील भिकमचंद सहकुटुंब आले. शेठनी चारही पंखे, सगळे दिवे, रेडिओ, शिवाय शेजाऱ्याकडून मागून आणलेली विजेची शेगडी लावली. फ्यूज हूं की चूं करेना!

"आमच्याकडे वीज जात नाही!" शेठ म्हणाले.

थोड्याच वेळात जळकट वास सुटला. शेठनी स्वयंपाकघरात हाक मारली, "अगं, बाटी करपली का?"

"अजून निखाऱ्यावर टाकलीच नाही!" शेठाणी गुलाबबाईंनी आतून सांगितलं.

"धूप कुठला आणता हो?" भिकमचंदांनी अदबीनं विचारलं.

धूर त्यांच्याच पगडीच्या वर, भिंतीवरच्या विजेच्या तारा झाकणाऱ्या लाकडी पट्टीतून येत होता. बघता बघता पट्टीनं पेट घेतला! शेठ घागर उचलून धावले.

"बाबा, पाणी नको!" कुसुम ओरडली. लोटनचं बोलणं तिनं दाराआडून ऐकलं होतं; ही आग विजेची, हे तिनं ओळखलं. तिनं धावत जाऊन मेन बंद केला, मग पोत्यानं बडवून आग विझवली.

पंखे थांबले. भिकमचंदांनी फ्यूज उघडून ती जाड तार पाहिली.

"हे कुणी बसवलं?"

"मीच," शेठ म्हणाले. घर जळता जळता वाचलं होतं आणि लेकीचं तोंड धुरानं काळवंडलेलं होतं. त्यांना मान वर करवेना.

भिकमचंदांनी कुसुमच्या हातातल्या जळक्या पोत्याकडे पाहिलं.

"मुलगी पसंत आहे," भिकमचंद शेवटी म्हणाले. "पण लग्न धुळ्याला करू, शेठ. इथं मांडवाची रोषणाई तुम्ही कराल!"