तिळाएवढी तांबडी गाठ

शनिवारी दुपारी दीड वाजता मिचिको कुसानो शाळेच्या व्यायामशाळेत तेविसावं घडीचं टेबल उघडत होती, आणि तिचा अंगठा त्यात तेविसाव्यांदा चिमटत होता. आता ती ओरडतही नव्हती. पहिल्या पाच-सहा टेबलांपर्यंत माणूस ओरडतो, पुढे अंगठ्यालाच समज येते.

दुसऱ्या दिवशी पालक संघाचा हस्तकला बाजार होता. शाळेच्या पियानोसाठी पैसे जमवायचे होते, कारण जुन्या पियानोच्या अकरा पट्ट्या वाजत नव्हत्या. बाजाराची प्रमुख मिचिको. एप्रिलच्या सभेत कोणीच हात वर करेना, तेव्हा प्रथेप्रमाणे सगळ्या आया गोल उभ्या राहून दगड-कागद-कात्री खेळल्या. सगळ्यांनी दगड काढला, मिचिकोने कात्री. त्या दिवसापासून सात महिने ती कात्री तिच्या मानेवर फिरत होती. सुखाची गोष्ट एकच होती. एकदा प्रमुख झालं की पोर शाळा सोडेपर्यंत पुन्हा नाव निघत नसे. मुलगी कोहारू दुसरीत होती, म्हणजे रविवारी संध्याकाळी पाच वाजता मिचिकोची चार वर्षांपुरती सुटका होती. चार वर्षांचे रविवार! त्यातला पहिला ती निव्वळ झोपून काढणार होती.

"कुसानोबाई," उपप्रमुख हान्यूबाई हातातली यादी नाचवत म्हणाल्या, "तीस घरं, घरटी दोन पिशव्या, साठ. भरल्यात एकोणसाठ. आणि कमी कोणाची, तर प्रमुखांचीच!"

या बाजारात पोरांचे शाळेतले बूट ठेवायच्या पिशव्या विकल्या जात. त्या आईबापांनी स्वतःच्या हाताने शिवायच्या, असा नियम होता. टॉवेल मात्र चालत नसत. इमाबारी हे टॉवेल कारखान्यांचं गाव, घराघरात तिथले नग पडलेले, ते कोण विकत घेणार?

"दुसरी गाडीत आहे," मिचिको पुटपुटली. "आमच्या ह्यांनी शिवलीय."

"ह्यांनी?" हान्यूबाईंनी चष्मा वर केला. "मग राहू दे गाडीत. बघू."

मिचिकोने शिवणाचा नाद केव्हाच सोडला होता. तांदळाच्या दुकानामागे राहणाऱ्या तोमेआजीकडून तिने गुपचूप एक पिशवी शिवून घेतली होती. दुसरीला आजी नाही म्हणाली. "बोटांना मुंग्या येतात गं. पण ही केली ते कोणाला बोलू नकोस. फक्त तुझ्यासाठी म्हणून केली." दुसऱ्या पिशवीचं काय, म्हणून मिचिको उसासे टाकत बसली, तेव्हा टॉवेल कारखान्यात माग सांभाळणाऱ्या तिच्या नवऱ्याने, तात्सुओने, आपण होऊन सुई हातात घेतली. त्यातून जे निघालं ते मिचिकोने गाडीच्या डिकीत, तेही उलटं करून ठेवलं होतं.

ओगाता नावाची एक तरुण आई टेबलांवर पिशव्या मांडत होती. मांडता मांडता ती थबकली. बदकांच्या पिशवीचं हँडल उलटून पाहिलं, मग घुबडांच्या पिशवीचं, मग ट्रॅक्टरच्या. प्रत्येक हँडलच्या आत, शिलाई संपते तिथे, तिळाएवढी तांबडी गाठ होती.

"अगंबाई," ती म्हणाली, "आपल्या शाळेतल्या सगळ्या आयांचा हात किती एकसारखा आहे!"

 मिचिको टेबलाचा पाय न्याहाळू लागली.

"संस्कार," हान्यूबाई म्हणाल्या. "दुसरं काय?"

विषय तिथेच संपला. तोमेआजीने प्रत्येकीला बजावलं होतं, कोणाला बोलू नकोस, आणि कोणीच बोललं नव्हतं. गाव शब्दाला जागणारं आहे.

तेवढ्यात मुख्याध्यापक मुरासे सर आले. एप्रिलमध्ये मात्सुयामाहून बदलून आलेले, त्यामुळे अजून उत्साहात होते. "मंडळी, एक गंमत! यंदापासून सर्वोत्तम पिशवीला बक्षीस. आणि जिंकणाऱ्या घराला पुढच्या वर्षीचा बाजार चालवण्याचा मान! परीक्षक तीन वाजता येताहेत. आपल्याच गावातल्या एक जाणत्या बाई आहेत."

"पण सर, मी तर यंदाच..." मिचिकोचा आवाज चिरकला.

हान्यूबाईंनी तत्परतेने नियमांची वही उघडली. "सूट पाळीला आहे, कुसानोबाई. मानाला नाही."

सर गेले आणि व्यायामशाळेत पळापळ सुरू झाली. ओगाताने आपली बदकं मागच्या रांगेत लोटली. हान्यूबाईंनी आपल्या घुबडांवर 'धूम्रपान करू नये' ही पाटी उभी केली.

"बदकं मागे का हो? किती गोड आहेत! पुढे घेते हं," हान्यूबाई ओगाताला म्हणाल्या.

"नको, नको. घुबडांपुढे बदकं कुठली? ती पाटी काढते मी."

"हात लावू नका!" हान्यूबाई कडाडल्या आणि लगेच हसल्या. "म्हणजे, तुम्ही कशाला त्रास घेता?"

मिचिको मात्र गाडीकडे धावली. सात महिन्यांत प्रथमच तिच्या डोक्यात सरळ विचार आला होता. आजीची सुबक पिशवी घराच्या नावावर दिसायलाच नको. तात्सुओची पिशवी पुढे ठेवायची. जगात कुठलाही परीक्षक तिला बक्षीस देणार नाही. पिशवी टॉवेलच्या कापडाची होती, एक हँडल वीतभर, दुसरं टीचभर, आणि अस्तर बाहेरून लावलेलं. मिचिकोने ती पहिल्या टेबलाच्या मधोमध ठेवली, 'कुसानो' हे नाव नीट दिसेल अशी, आणि आजीची पिशवी खोक्यांच्या मागे सारली.

"हा टॉवेल आहे," हान्यूबाई म्हणाल्या.

"हँडलं आहेत की."

हान्यूबाईंनी हँडलं मोजली. दोन भरली. "साठ," त्या म्हणाल्या आणि यादीवर खूण केली.

तीनला मुख्याध्यापकांच्या मागून, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या हिरव्या सपाता फरफटत, तोमेआजी आत आली.

 ओगाताच्या हातून टाचण्यांची डबी पडली.

आजी शांतपणे टेबलापुढून टेबलापुढे सरकू लागली. एकेक पिशवी उचलायची, हँडल उलटायचं, जिभेने चुक् करायचं. "ही बाई आता थकत चाललीय," ती ट्रॅक्टरांना म्हणाली. बदकांपाशी तिने मान हलवली. "ही घाईत शिवलीय. कोणीतरी फार तगादा लावलेला दिसतो." ओगाता टाचण्या वेचायला खाली बसली ती उठलीच नाही. पाटीमागची घुबडंही आजीने बरोबर शोधून काढली. "ही बरी जमलीय. पण किमतीत घासाघीस झाली असणार."

"अचूक नजर!" मुरासे सर भारावून म्हणाले.

शेवटी आजी पहिल्या टेबलाशी आली आणि थांबली. पिशवी उचलली, उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली. दोन्ही बाजूंनी ती सारखीच दिसत होती.

"ही कोणी केली?"

"आमच्या ह्यांनी," मिचिको म्हणाली, आणि अजून तिला काही कळलं नव्हतं.

"या सबंध खोलीत," आजी म्हणाली, "मी आधी न पाहिलेली अशी ही एकच वस्तू आहे."

"वा! नावीन्य!" सरांनी लाल फीत काढून टीचभर हँडलला बांधलीसुद्धा.

टाळ्या वाजल्या. इतक्या मनापासूनच्या टाळ्या त्या व्यायामशाळेने आजवर ऐकल्या नव्हत्या. हान्यूबाईंच्या डोळ्यांत तर पाणी आलं.

दाराशी आजी सपाता काढून आपले बूट घालत होती, तिथे मिचिकोने तिला गाठलं. "आजी, बाकीच्या एकोणसाठांतली कुठलीही उचलायची होतीत!"

"माझ्याच हाताला मी बक्षीस देऊ? उद्या गावात तोंड कुठे दाखवू? चोख काम करते गं मी."

मिचिकोने खाली आजीच्या बुटांकडे पाहिलं. बूट चोख होते, काम चोख होतं, फक्त येत्या वर्षाचे रविवार गेले होते. "बरं," ती थकून म्हणाली, "निदान पुढच्या वर्षीच्या माझ्या दोन आत्ताच लिहून ठेवा."

आजीने झोळीतून वही काढली, कुसानो हे नाव शोधलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. "तुमच्याकडे आता घरचा माणूस आहे. शिवाय माझी बोटं चालत नाहीत, आणि पुढच्या वर्षीच्या अठ्ठावन्न पिशव्या आताच सांगून झाल्यात." वही मिटता मिटता तिने मिचिकोकडे पाहिलं.

"तुझे हे रविवारी मोकळे असतात का गं?"