अण्णांच्या दुकानाचं कुलूप

हुबळीच्या दाजीबानपेठेतले गोविंदअण्णा फोनवर भिंतीकडं तोंड करून बोलत. गिऱ्हाइकाचा पत्ता सांगायचा झाला, तर रिसीव्हरवर रुमालही धरत. इरकली साड्यांचं त्यांचं जुनं दुकान. पार्सलवर पत्ता लिहिला की ते पालथं ठेवत, शेजारच्यानं वाचू नये म्हणून. एका जागी बसणं माहीत नाही. दारापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं, आणि मधेच कुजबुजत कानडीत विचारायचं, "यार नोडतार?" कोण बघतंय?

मी तेव्हा कोप्पीकर रोडवर एका खोलीत वेबसाइटी बनवत होतो. पुण्यामुंबईला गेलेल्या पोरी तिथूनच साड्या मागवतील, असं अण्णांना पुतण्यानं पटवलं होतं. मी साइट तयार केली. नाव, पत्ता, फोन, कार्डाचा नंबर, सगळं भरायची सोय केली.

अण्णा येरझाऱ्या घालत म्हणाले, "तम्मा, पोरीनं हे पुण्यात भरलं. इथं पोचेपर्यंत वाटेत कोण बघतंय?"

"बघायचं म्हटलं तर दिसतं. पण एवढ्याशा दुकानाकडं कोण बघणार?"

"दाखव."

आम्ही धारवाडात सप्तापूरला माझ्या मित्राच्या सायबर कॅफेत गेलो. अण्णांनी एका बोटानं खोटी ऑर्डर भरली. बाजूच्या मशीनवरून मित्रानं ती घडाघडा वाचून दाखवली. नाव, घर नंबर, कार्डाचे आकडे, काही सुटलं नाही. अण्णा चप्पल न घालताच रस्त्यावर गेले. "बंद कर! आजच बंद कर!"

मी समजावलं. सर्टिफिकेट घेतलं की गिऱ्हाइकाच्या मशीनपासून आपल्यापर्यंत सगळा मजकूर सांकेतिक होऊन जातो, मधल्या माणसाला अक्षर लागत नाही. पडद्यावर छोटं कुलूप दिसतं. शिवाय साइट खरंच आपली आहे, कुणी तोतया नाही, हेही गिऱ्हाइकाला कळतं.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

खर्च वाचेल असं मला वाटलं होतं.

सर्टिफिकेट देणारी कंपनी परदेशातली. दुकान खरं आहे का, हे बघायला त्यांच्या बाईंचा फोन आला. नाव विचारताच अण्णा ओरडले, "फस्ट यू टेल! हू आर यू?" आणि फोन आपटला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी शेजारी उभा राहिलो. अण्णांनी बाईंचं नाव, हापिसाचं नाव, साहेबाचं नाव लिहून घेतलं, मगच आपलं सांगितलं. फोन ठेवून म्हणाले, "शाणी बाई आहे. खात्री केल्याशिवाय कुलूप देत नाही."

कुलूप आलं. पुढचे आठ दिवस अण्णा हुबळी-धारवाडच्या सगळ्या कॅफेंतून ते दिसतं का बघत हिंडले आणि प्रत्येक ठिकाणाहून मला फोन केला.

मग पहिली ऑर्डर आली, पुण्याहून. एका मुलीनं धारवाडातल्या आईला साडी पाठवायला सांगितलं होतं. खाली निरोपाचा रकाना होता, त्यात चार ओळी होत्या. अण्णांनी पडदा माझ्याकडून वळवून घेतला, त्या वाचल्या आणि दारापर्यंत जाऊन आले.

मग म्हणाले, "आमच्या अक्काला लांब दिली होती. सासू तिला पोस्टकार्डच द्यायची. घरातल्या सगळ्यांनी वाचायचं, मग पेटीत टाकायचं. प्रत्येक कार्डात एकच, मी खुशाल आहे. आम्ही खरं धरून चाललो."

"मग?"

"आणायला गेलो तर मला ओळखूच आली नाही. इथं आणली, पण पावसाळासुद्धा काढला नाही तिनं."

दुसऱ्या दिवशी अण्णा साडी घेऊन स्वतः बसनं धारवाडला गेले. संध्याकाळी परत आले ते थेट माझ्या खोलीत.

"दिली. आईला बाजूला घेऊन निरोप सांगितला. बाई लगेच पिशवी भरायला लागली. रात्रीच्या गाडीनं पुण्याला जातेय."

"काय लिहिलं होतं पोरीनं?"

अण्णा जिना उतरून गेले.

तो निरोप साइटच्या आत साठवलेला होता आणि पासवर्ड माझ्याकडं होता. मी तो कधी उघडला नाही.