पैला बोलला तो गेला

बुद्धिबळात पहिली चाल हा पांढऱ्या सोंगट्यांना मिळालेला मोठा मान आहे, असं जगभरचे जाणकार सांगतात. येडगावचे किसनतात्या त्याला शिक्षा समजतात.

तात्यांचा जन्म बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे सौदे करण्यात गेला. "पैला बोलला तो गेला, राव," हे त्यांचं तत्त्व. भाव समोरच्यानं आधी सांगायचा. त्यामुळे मोजक्या मिनिटांच्या रॅपिड स्पर्धेत पांढऱ्या सोंगट्या वाट्याला आल्या की ते हाताची घडी घालून बसतात.

"तात्या, तुमचं घड्याळ पळतंय," मी एकदा शेजारच्या पटावरून म्हणालो.

"पळू द्या. गिऱ्हाईक बघतोय."

बऱ्याच वेळानं त्यांनी कडेचं प्यादं एकच घर सरकवलं. "जनावराच्या पाठीवर हात ठिवला फकस्त. भाव कुठं सांगितला?"

मी ओपनिंगची जाडजूड पुस्तकं वाचली आहेत. या ओपनिंगवर कोणी पुस्तक लिहिलेलं नाही, आणि तात्यांचे निकाल बघता लिहिणारही नाही. बहुतेक डाव ते वेळ संपून हरतात.

हे तत्त्व घरातही शिरलं. धाकटा भाऊ महादू एकदा बाजारात आधी भाव बोलून बसला आणि तात्यांची लाडकी जोडी स्वस्तात गेली. भांडण झालं, अबोला धरला गेला. दोघांचं अंगण एक, नळ एक. पण आधी बोलायचं कोणी? महादूही त्याच बाजारात तयार झालेला.

यंदा वारूळवाडीच्या स्पर्धेत हे दोघे समोरासमोर आले. पांढऱ्या सोंगट्या तात्यांकडे. महादू लंगडत आला, मान खाली घालून बसला आणि त्यानं घड्याळाचं बटण दाबलं. आता हाताची घडी, म्हणून आम्ही सगळे बघत होतो.

तात्यांनी राजापुढचं प्यादं तडक दोन घरं पुढे टाकलं.

"गुडघा लई दुखतोय का रं?"

महादूचा हात सोंगटीवरच थांबला. "रातीचा जास्ती, दादा." मग त्यानं चाल करून बटण दाबलं.

"आन् डाक्टरला दावला न्हाईस? उद्या मी नेतो."

"डाव चालू असताना बोलायचं नाही," पंच म्हणाले.

"सायेब, दोन वर्सं गप व्हतो. आता तुमी जरा गप बसा."

बोलणं गुडघ्यावरून व्यालेल्या गाईवर गेलं, गाईवरून पुतणीच्या बाळावर. घड्याळ तात्यांचं चालू होतं.

तत्त्व शेवटी खरं ठरलं. तात्या वेळ संपून हरले.