पाचव्या प्रश्नाचा सोफा

सोफा आला तेव्हा काकू मॅट्रिक्सचा गुणाकार पाठ करत होत्या. पन्नाशीला माणसं गुडघ्यांकडे लक्ष द्यायला लागतात. काकूंनी विद्यापीठाकडे दिलं. मुलांच्या वयाच्या पोरांत बसून त्यांनी पहिल्या वर्षाचे सगळे पेपर काढले, पण 'रेषीय बीजगणित आणि भूमिती' या एका विषयात दोनदा आपटल्या. आज तिसरी खेप. यातही गेल्या तर प्रवेश रद्द. त्यामुळे सकाळपासून घरात कोणी मोठ्याने शिंकतही नव्हतं.

सोफा खरं तर उद्या यायचा होता. दुकानाच्या माणसांनी तो जिन्याच्या पायथ्याशी ठेवला आणि "वर चढवणं आमच्याकडे नसतं," असं सांगून ते टेम्पोसकट पसार झाले. काकूंचे यजमान हिशेबनीस. कुठल्याही वस्तूचं वजन ते उचलण्याआधी कमीच धरत. पुढून काका, मागून धाकटे भाऊजी आणि त्यांच्या मागे काखेत पुस्तक धरलेल्या काकू, अशी ती वरात निघाली. तिसऱ्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर सोफा भिंतीला टेकला.

काकूंचे डोळे चमकले. पुस्तकातलं काहीतरी जन्मात पहिल्यांदा घरी कामाला येत होतं.

"अहो, थांबा! ही दोन परिभ्रमणं आहेत, म्हणजे दोनदा फिरवणं. आधी तुमची बाजू उचलून उभा करा, मग डावीकडे वळवा."

"आधी वळवतो, मग उचलतो. एकच की!"

"एकच नाही! क्रम बदलला की उत्तर बदलतं."

"अगं, पाच दुणे दहा, दोन पंचे दहा. आयुष्यभर यावरच पोट भरलंय मी," असं म्हणून काकांनी सोफा आधी वळवला आणि मग उचलला.

उभा राहण्याऐवजी सोफा पाठीवर पडला आणि चारही पाय वर करून दोन्ही भिंतींच्या मध्ये गच्च बसला. वर काका अडकले, खाली काकू आणि भाऊजी. कोणाला इकडून तिकडे जायला मांजराएवढीही फट उरली नाही.

"वहिनी, तुमची परीक्षा किती वाजता?" भाऊजींनी विचारलं.

उत्तर द्यायच्या आतच वरून चपला वाजल्या. चौथ्या मजल्यावरचे सर खाली येत होते. हेच सर हा विषय शिकवत, आणि आजच्या प्रश्नपत्रिकांचं सीलबंद पाकीट त्यांच्याच हातात होतं. त्यांनी सोफ्याकडे पाहिलं, मग भिंतींकडे पाहिलं.

"हा इथे मावणं शक्य नाही," ते म्हणाले.

"सर, मावलाय," काका नम्रपणे म्हणाले.

सरांनी विद्यापीठात फोन लावला. पाकीट सरांच्या समोरच फोडायचं, असा नियम. परीक्षेची वेळ बदलता येत नाही, हाही नियम. जागेबद्दल मात्र नियमात एक अक्षर नव्हतं. अर्ध्या तासात अख्खा वर्ग आला आणि जिन्यावर बसला. प्रत्येक पायरीवर एक जण, मांडीवर पॅड. सरांनी सोफ्याच्या पायांमधून प्रश्नपत्रिका खाली सोडल्या. भाऊजींनी, कोणी न सांगताच, पाणी वाटायला घेतलं.

चार प्रश्न शांततेत गेले. पाचवा होता: 'दोन परिभ्रमणांचा क्रम बदलल्यास उत्तर बदलते, हे उदाहरणाने दाखवा.' सगळ्या माना एकदम सोफ्याकडे वळल्या.

"खाली बघा!" सर ओरडले. "सोफ्यात बघून कोणी लिहायचं नाही!" त्यांनी घरून चादर आणून सोफ्यावर टाकली. चादरीखालून चार पाय तरीही वर दिसतच होते.

पाचव्या प्रश्नापुढे काकूंचा कागद कोरा होता. शेवटी त्यांनी हात वर केला. "सर, मला हे कागदावर जमत नाहीये. करून दाखवलं तर चालेल?"

सरांनी विचार केला. "एका क्रमाचं उत्तर समोर आहेच. दुसऱ्याचं कुठे आहे?"

"दाखवते. आधी हा सोडवायला हवा."

"सोपं आहे," सर म्हणाले. "पहिल्यांदा डावीकडे वळवला ना? मग पहिल्यांदा उजवीकडे वळवा."

"बरोबर," काका म्हणाले. दोघांनी वरून जोर लावला. भिंतीचा गिलावा पडला आणि सोफा आणखी घट्ट रुतला.

"सर, शेवटी केलेलं आधी उलटवायचं!" काकू खालून कळवळून ओरडल्या. "स्वेटर अंगात असताना आतला सदरा कसा निघेल?"

ही गोष्ट सर स्वतः दरवर्षी शिकवत. पण फळ्यावर धक्के मारावे लागत नाहीत, त्यामुळे ते अंगात भिनलं नव्हतं. ते गोरेमोरे झाले. काकूंच्या सांगण्याप्रमाणे सोफा आधी खाली टेकवला, मग उजवीकडे फिरवला आणि तो सुटला. मग आधी उभा, नंतर डावीकडे. शहाण्या बाळासारखा तो वळण पार करून थेट काकूंच्या दारासमोर जाऊन उभा राहिला. पोरांनी जिना दणाणून सोडला.

काकांनी दार उघडलं. सरांनी सोफ्यावर हात ठेवला.

"कुठे नेताय?"

"घरात."

"हे पाचव्या प्रश्नाचं उत्तर आहे. उत्तर घरी नेता येत नाही. जमा करावं लागतं."

पुन्हा फोन झाला. तसाच नियम निघाला. काकूंचा बैठक क्रमांक सोफ्याला टाचला गेला आणि सोफा तपासणीसाठी चौथ्या मजल्यावर सरांच्या दिवाणखान्यात रवाना झाला. सर रोज दुपारी जेवण झालं की तो तपासत. तपासणीचा आवाज छतातून खाली काकूंच्या घरात ऐकू येई.

महिन्याने निकाल लागला. काकू पास! अगदी काठावर, पण पास. त्या आनंदाने ढसाढसा रडल्या आणि चटईवर फतकल मारून निकालाचा कागद पुन्हा पुन्हा वाचत बसल्या. काकांनी मात्र पेन काढलं.

"आता फेरतपासणीचा अर्ज टाकतो. उत्तर परत मागवता येतं, मी नियम वाचलाय. जाऊन सरांनाच सांगतो."

काकूंनी त्यांच्या हातातलं पेन हिसकावून घेतलं. वरून घोरण्याचा संथ सूर येत होता.

"खबरदार!" त्या कुजबुजल्या. "हळू बोला. सर जागे झाले तर पुन्हा तपासतील."