मागल्यापरीस बरा

तात्यांकडे ट्रॅकवर गाडी चालवायला गेलं की ते आधी चप्पल काढायला लावतात. मग अनवाणी अख्ख्या ट्रॅकला एक फेरी. पुढे तात्या, मागे आपण, पायाखाली आटपाडीचा तापलेला माळ. कुणी कुरकुरलं की म्हणणार, "शर्यतीआधी बैलाला फाटी दावत्यात का न्हाई? मग माणूस काय बैलापरीस शाना हाय व्हय?"

फाटी म्हणजे बैलगाड्या पळतात ती वाट. या माळावर आधी तीच होती. तात्यांचं तरुणपण तिकडे कोइमतूरला रेसच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेलं. परत आले ते एकच खूळ घेऊन. आपल्याकडच्या माणसानं जन्मात एकदा तरी मोकळ्या ट्रॅकवर गाडी पळवावी, आणि त्यापायी त्याला रान विकायला लागू नये. मग त्यांनी चुन्याची फक्की मारून वळणं आखली, कडेला जुने टायर रचले आणि गाडी उलटली तरी माणूस वाचावा म्हणून एका जुन्या गाडीत लोखंडी पिंजरा बसवला. दर विचारला की सांगतात, "पेट्रोल तुमचं, गाडी माझी, भ्या निम्मं-निम्मं."

मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सुटली आणि फिरत फिरत तासगावात बेदाण्याच्या शेडवर आलो. तात्या माणसाला गावाच्या नावानं हाक मारतात, म्हणून मी 'हिंगोली'. माझ्याकडे लायसन होतं, पण समोरून उसाची ट्रॉली दिसली की पाय ब्रेकवर गोठायचा. शेडचे मालक म्हणाले होते, पिकअप चालवलीस तर वर्षभर ठेवतो, नाहीतर हंगाम सरला की तुझी वाट तुला मोकळी. गावाकडं रिकाम्या हातानं कसं जावं, या विचारानं मला घास गिळवत नव्हता. कुणीतरी तात्यांचं नाव सांगितलं आणि मी सुट्टीच्या दिवशी एसटीत बसलो.

पहिली फेरी त्यांनी मला शेजारी बसवून मारली. पेंगणाऱ्या लेकराची मान धरावी तसं स्टेअरिंग धरलेलं. बाहेर बाभळी आडव्या पळत होत्या आणि आत हा माणूस आटपाडीच्या बाजारातल्या शेळ्यांचे भाव सांगत होता. मी आजवर देवळातसुद्धा इतका गप्प बसलो नसेन.

मग माझी पाळी. पहिल्याच वळणावर मी हॉर्न वाजवला, गाडी कडेला घेतली आणि थांबलो. तात्यांनी विचारलं, कोण आलं. मी म्हटलं, टेम्पो आला तर?

ते हसले नाहीत. खाली उतरले, बॉनेटवर टेकले आणि म्हणाले, "मग येऊ दे. थांबू की."

आम्ही दोघं त्या गोल ट्रॅकवर टेम्पोची वाट बघत बसलो. आली ती मेंढरं. मेंढक्यानं विचारलं, गाडी बंद पडली का? तात्या म्हणाले, "न्हाई गड्या, टेम्पो यायचाय." मेंढका बराच वेळ वळून वळून आमच्याकडे बघत गेला. त्या दिवशी पहिल्यांदा माझा पाय मोकळा झाला.

पुढं त्यांनी मला एकट्याला सोडलं. पलीकडच्या बाभळींमागं गाडी गेली की दिसायची बंद होते. तात्या फेरीची वेळ मोजायचं घड्याळ हातात धरून एका रिकाम्या ड्रमवर उभे राहायचे. मी फेरी मारून आलो की बटण दाबून सांगायचे, "मागल्यापरीस बरा." प्रत्येकाला हेच. पण ते ऐकायला मी आठवडाभर शेडवर घमेली उचलायचो.

एकदा कराडचा एक पोरगा फेरीवर होता. मेंढरं ट्रॅककडे वळली, तशी तात्यांनी घड्याळ माझ्या हातात कोंबलं आणि ते हाकलायला धावले. मी बघितलं तर काटा जागचा हलत नव्हता. काचेच्या आत गंज धरलेला.

तात्या धापा टाकत आले. घड्याळ घेतलं खरं, पण नजर बाभळींवर. ओठ घट्ट मिटलेले. गाडी बाहेर आली तसा त्यांनी श्वास सोडला आणि बटण दाबलं. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असावं. घड्याळ धोतराच्या सोग्याला पुसत हळूच म्हणाले, "तिकडं कोइमतूरला मी गाडी तपासाय घिऊन जायचो. गेलो, आलो, कोन बघत नव्हतं रं."

आता मी पिकअप चालवतो. बेदाणा भरून सांगलीला जाताना तात्यांना फोन करतो, परत आलो की पुन्हा करतो. पहिल्याच रिंगला उचलतात, पण बोलत काही नाहीत. मी 'आलो' म्हणेपर्यंत पलीकडे नुसती शांतता असते.

मग एक श्वास ऐकू येतो. "मागल्यापरीस बरा."