कवडूकाकांच्या फटफटीतली जोडी

आमच्या गावात फटफटीवर बसून जाणारे तिघे-चौघे होते. फटफटीच्या बाजूने पायी चालत जाणारे कवडूकाका एकटेच. एक हात हँडलवर, खांद्यावर तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, आणि सोबत पहिल्या गिअरमध्ये धडधडत चालणारी लाल, बुटकी, लांबोडकी विलायती गाडी. वाटेत कोणी विचारलंच, "काका, वर बसत काहून नाही?" तर ते थांबत, गाडीकडे एकदा पाहत आणि म्हणत, "बैलाच्या पाठीवर बसते का कोनी?"

खरी गोष्ट अशी की काकांना साधी सायकलही चालवता येत नव्हती.

काका करडीकडच्या एका राईस मिलमध्ये मिस्त्री होते. इंजिन सुरू करायच्या आधी चपला काढून बाजूला ठेवायचे आणि हलक्या आवाजात विचारायचे, "उठता का बापा?" मग तुतारीचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावायचे. डॉक्टर नळी लावतो तसे. एखाद्या यंत्राचं दुखणं सापडलं नाही, तर चिडायचे नाहीत. "इचारून पाहू," एवढंच म्हणायचे. हे 'इचारून पाहू' ते माणसांना कधी म्हणत नसत, फक्त यंत्रांना. माणसांना विचारून काही कळत नाही, असा त्यांचा अनुभव असावा.

मी त्यांच्या शेजारचा. माझे बाबा सालगडी होते. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि त्या पदवीत काकांचा मोठा वाटा आहे. वरठीवरून भंडाऱ्याच्या कॉलेजात मी ज्या सायकलवर जात होतो, तिचा एकही भाग मूळचा उरला नव्हता. चेन एकीची, मडगार्ड दुसरीचं, ब्रेक तर मिलच्या कुठल्याशा पट्ट्याचे. पंक्चर काढायला गेलो की काका पुस्तकांकडे बोट दाखवून म्हणत, "तू ते वाच. हे माह्यं काम हाये." मी बी.ए. होऊन गावच्या हायस्कूलमध्ये मास्तर झालो, त्या दिवसापासून त्यांनी मला 'तू' म्हणणं सोडलं. मला फार अवघडल्यासारखं होई, पण ते ऐकत नसत.

आता त्या गाडीची गोष्ट. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. काका आणि सगुणाकाकूंनी बैलजोडीसाठी पैसे साठवले होते. काकूंचं माहेर शेतकऱ्याचं. इथे दोन बांध्या, म्हणजे दोन खाचरं, धान होतं, पण जोडी कधीच नव्हती. पोळ्याच्या दिवशी काकू दरवर्षी पुरणपोळी करत, ताट सजवत, दिवा लावत आणि दारात उभ्या राहत. वेशीवर बांधलेलं पोळ्याचं तोरण तुटलं की बैल आधी मारुतीच्या पाराला, मग पाटलाच्या दारी, मग मोठ्या घरांना जात. शेवटी कोणाला आठवण झाली, तर एखादी थकलेली जोडी काकूंच्या दारी येई. तोवर ताटातला दिवा दोनदा विझलेला असे. काकूंनी कधी तक्रार केली नाही. त्या फक्त पुन्हा वात सारत.

तर होळीनंतर काका जोडी आणायला बैलबाजाराला निघाले. वाटेत एका गावच्या म्हाताऱ्या मालगुजारांनी विहिरीवरचं इंजिन दाखवायला त्यांना थांबवलं. इंजिन गोठ्याजवळ होतं, आणि गोठ्यात तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या ढिगाखाली ही गाडी होती. मालगुजारांच्या मुलाने कधीतरी विलायतेहून आणलेली. मुलगा पुन्हा परदेशी गेला तो परतलाच नाही, आणि गाडीच्या सीटमध्ये कोंबडीने घर केलं.

संध्याकाळी काका परतले. कोणाच्या तरी खासरावर, म्हणजे बैलगाडीवर ही गाडी, गाडीवर कोंबडी, आणि मागे चालत काका. आम्ही सगळे जमलो.

"काय आनलं हे?" काकूंनी विचारलं.

"जोडी."

"बैल कुठी हायेत?"

काकांनी इंजिनावर हात ठेवला. "पोटात हायेत. दोन सिलिंडर हायेत हिले. एक डावा, एक उजवा. असं यंत्र माह्या जल्मात नाही पाह्यलं मी."

काकूंनी जोडीच्या पैशांत आलेल्या त्या गाडीभोवती एक फेरी मारली. हँडल खाली वाकलेलं, टाकी गंजलेली, टायरांची लक्तरं झालेली.

"मंग पोळ्याले ओवाळू कायले? टायरले?"

"ओवाळशीन तं. तोरनाखाली उभी करीन मी हिले."

"आयका," काकू म्हणाल्या, आणि आख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. "पोळ्यापावतर हे उठून चालली नाही, तं हे जाईन भंगारात अन् मी जाईन माहेरी. आता तुमी तिलेच इचारून पाहा."

त्या दिवसापासून काका मिलमधून आले की ओट्यावर गाडी आणि ते. टाकीतला गंज काढायला त्यांनी तिच्यात बारीक गिट्टी आणि घासलेट भरलं आणि ती मिलच्या हलत्या चाळणीला अर्धा दिवस बांधून ठेवली. टाकी आरशासारखी निघाली. पण आठ दिवस आमच्या पंचक्रोशीतला भात कंदिलासारखा वास मारत होता. क्लचला मिलचा पट्टा लागला, रबरांच्या जागी सायकलची ट्यूब कापून बसली. सीट उसवून पुन्हा तणसाने भरली, तेव्हा कोंबडीला इतका आनंद झाला की तिने त्याच दिवशी अंडं दिलं.

गाडीसोबत एक पुस्तक आलं होतं. ते काकांनी धुतलेल्या हातांनी माझ्यापुढे ठेवलं. "मास्तर, हे वाचून सांगा. तुमी बी.ए. हाये."

मी उघडलं. अक्षरं सगळी ओळखीची, शब्द एकही नाही. ओट्यावर पाच-सहा जण बसले होते. माझे बाबाही होते, आणि त्यांची मान अशी ताठ होती की मला 'येत नाही' म्हणवलं नाही. एका चित्रात इंजिनाच्या उजव्या अंगावर फुली मारलेली होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "यात लिहिलंय, उजवा सिलिंडर उघडू नये."

"काहून?"

"नाजूक असतो."

काकांनी मान डोलावली. पुढच्या आठवड्यात कॉलेजातल्या माझ्या सरांनी पुस्तक पाहून सांगितलं की हे इंग्रजी नाही, इटालियन आहे, आणि ती फुली कशाची ते त्यांनाही कळत नाही. मी पुस्तक पिशवीत घातलं आणि गप्प राहिलो.

मृगात गाडी पहिल्यांदा बोलली, पण अर्ध्या तोंडाने. डावा सिलिंडर चाले, उजवा मुका. काका तुतारी कानाला लावून तासतास बसत. "डावा बिचारा एकटाच ओढते," ते म्हणत. "उजव्यानं जू टाकलं." त्यांनी वायरी बदलल्या, प्लग बदलले, पेट्रोल गाळून पाहिलं. उजव्याला मात्र पाना लावला नाही. धानाचं रोवणं झालं, आषाढ गेला, श्रावण सरत आला. काकूंनी माहेरी जायचं लुगडं धुऊन दोरीवर वाळत घातलं, तेही अशा जागी की ओट्यावरून सतत दिसावं.

पोळ्याला चार दिवस उरले, तेव्हा मला जेवण जाईना. मी काकांकडे गेलो. "काका, मले ते पुस्तक वाचता येत नाही. ते इंग्रजी नाही. उजव्याचं मी मनानंच सांगितलं होतं."

 काका चिंधीने हात पुसत राहिले.

"दुसऱ्या कोनी सांगतलं असतं, तं पयल्याच दिवशी उघडलं असतं मी," ते म्हणाले. "तुमी सांगतलं म्हून राह्यलो."

मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. मग त्यांनी पाना माझ्या हातात दिला. "धरा. येत नाही हे सांगता आलं नं, आता खरे बी.ए. झाले तुमी."

उजव्या कार्बोरेटरमध्ये, हवा जायच्या वाटेत, खोल आत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं होतं. शेणाच्या गोळीएवढं. काकांनी ते तारेने हळूच काढलं, तळहातावर घेतलं आणि म्हणाले, "पाहा, कसं बांधलं हाये! हेही मिस्त्रीच." गाडी जुळवून होईस्तोवर पोळ्याची आदली संध्याकाळ झाली.

तेवढ्यात पाटलांचा निरोप आला. फटफटी पोळ्यात आणायला पंचांची ना नाही, पण उभी राहील ओळीत सगळ्यांच्या शेवटी, आणि इंजिन बंद ठेवून. बैल बुजतील. मला वाटलं काका भांडतील. पाच महिने त्यांनी त्या आवाजासाठी घालवले होते. ते म्हणाले, "बरोबर हाये त्याहिचं." आणि ओट्यावर दिवा आणून ठेवला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळतात आणि कानात त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. काकांनी वाटीत हळद-तूप घेतलं. डाव्या सिलिंडरला चोळलं, मग उजव्याला. मग खाली वाकून डाव्याजवळ पुटपुटले, "पाखऱ्या, आज आवतन घे, उद्या जेवाले ये." आणि उजव्याजवळ, "तांब्या, आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

काकू दारात आल्या होत्या. हातात पुरणाची पळी तशीच. मला वाटलं, आता टायरवरून काही बोलतील. त्या दोन्ही सिलिंडरकडेच पाहत राहिल्या. काका हात धुवायला मागे गेले, तेव्हा मी विचारलं, "काकू, ही नावं कोणाची?"

"माह्या बाबाच्या जोडीचे," त्या म्हणाल्या. "त्याच बैलाच्या रेंगीत बसून आली होती मी ह्या घरी. यायनं एकदाच पाह्यली ते जोडी, लग्नात. मी तं कधी नाव काढलं नाही." पळीतलं पुरण पायावर सांडलं तेही त्यांना कळलं नाही. मग त्यांनी दोरीवरचं लुगडं ओढून काढलं आणि आत नेऊन पेटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बेगड, झुली आणि घुंगरं यांच्या शेवटी लाल फटफटी उभी राहिली. खाली वळलेल्या हँडलच्या दोन्ही टोकांना गोंडे, टाकीवर गेरूचे पंजे. पोरं ओरडली, "काका, एक डाव वाजवा!" शेजारी एका म्हाताऱ्या बैलाचे पाय थरथरत होते. काका म्हणाले, "नाही रे बापा, त्याले भेव वाटते." आणि गाडीवर हात ठेवून उभे राहिले.

तोरण तुटलं. बैल वाजतगाजत मारुतीच्या पाराकडे वळले. काकांना कुठे जायचंच नव्हतं. त्यांनी गाडी फिरवली आणि ढकलत सरळ घराकडे निघाले. मी मागून हात लावला.

काकू दारात ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही चाकांवर पाणी घातलं. दोन्ही सिलिंडरना कुंकू लावलं, आधी डाव्याला, मग उजव्याला. पुरणपोळीचे दोन घास मोडून टाकीवर ठेवले, ते कोंबडीने लगेच पळवले.

"आता बोलू द्या त्याहिले," काकू म्हणाल्या.

काकांनी चपला काढल्या. "उठता का बापा?" पहिली किक वाया गेली. दुसरीला डावा बोलला, आणि एक श्वास सोडून उजवाही. गल्लीतल्या भिंती हादरल्या, कोंबडी थेट कौलांवर गेली. काकांनी सवयीने तुतारी कानाला लावली आणि नंतर, काय वाटलं कोण जाणे, तिचं टोक काकूंच्या कानाजवळ धरलं.

काकूंनी डोळे मिटून ऐकलं. मग हातातल्या ताटाकडे पाहिलं. दिवा अजून भरल्या तेलाने जळत होता.

"यंदा पोळा पयले आपल्या घरी आला," त्या म्हणाल्या.