जानकीआईचं अर्धं जाळं

जानकीआईच्या अंबाड्यात फुलाऐवजी जाळं विणायची बांबूची सुई खोचलेली असे. कधी तिथे कालथा सापडे, आणि मग सुई कढईत. एकदा तिने नारळाचं सारण त्या सुईनेच ढवळलं. आमच्याकडे आलेल्या करंजीतून यजमानांनी वीतभर दोरा ओढून काढला आणि ही खायची की शिवायची, असं मला विचारलं.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं तेव्हा यजमानांना तिथे कारकुनी मिळाली, आणि जवळच्या कोळीवाड्यात जानकीआईच्या घराला लागून असलेली खोली भाड्याने मिळाली. त्याआधी समुद्र मी फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. नारळी पौर्णिमा म्हणजे राखी आणि नारळीभात, एवढंच मला माहीत. इथे त्या दिवशी दर्याला नारळ द्यायचा आणि पावसाळाभर ओढून ठेवलेल्या होड्या पाण्यात लोटायच्या. म्हणजे त्याच्या आत जाळी नीट व्हायला हवीत, करंज्या तळायला हव्यात, आणि माहेरवाशिणी येणार त्या वेगळ्याच.

जानकीआईचा लाडका शब्द 'हातासरशी'. सून सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजाराला गेलेली, घरात ही आणि नातू. जाळं विणता विणता ही नारळ खवायला उठे, हातासरशी कोंबड्यांना दाणे टाकी, हातासरशी नातवाला न्हाऊ घालायला बसे. मग त्याच्या अंगाला लावायचं तेल कढईत ओतून येई आणि पोरगं तसंच साबणात उभं राही. मधेच थबकून ती मलाच विचारी, "बाय, मी कशाला उठलेली?" तिच्यामागे फिरून फिरून मलाही कळेनासं होई, की मी विरजण मागायला आले होते की द्यायला.

या सगळ्यात जाळं तेवढं मागे पडे. आणि वाडीचं लक्ष नेमकं त्या जाळ्यावर. कारण तिचा एकुलता मुलगा मोरेश्वर गेल्या वर्षीपासून बांधकामावर जाऊ लागला होता. बापाची होडी किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली पडून. यंदा मोरेश्वर होडी लोटतो की विकतो, यावर घरोघर खल चाले. पोराने दर्या सोडला, असं काहीजण तोंडावर म्हणत. जो येई तो जानकीआईला विचारी. ती सुईने डोकं खाजवत सांगे, "लोटंल ना. जाळं पुरं झालं का लोटंल." आणि लगेच दुसरं काहीतरी काम काढी.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी केळव्याला दिलेली तिची लेक हौसा आली. आईचा पसारा पाहून तिने पदर खोचला. दुपारभर जानकीआई माझ्या खोलीत करंज्या लाटत होती, तेवढ्यात हौसाने जाळं पुरं करून खुंटीला टांगलं. मी तिचं तोंडभरून कौतुक केलं. जानकीआई 'बेस केलंस' म्हणाली आणि नारळ खवायला बसली. एका जागी, एकच काम, मधे न उठता. मला वाटलं, हिला ताप आला असावा.

संध्याकाळी मोरेश्वर कामावरून आला. जाळं पाहून त्याने मान खाली घातली आणि उद्याही कामावर जायचं आहे, असं हळूच सांगितलं. आई म्हणाली, जा, डब्यात नारळीभात देते. हौसा काही बोलणार होती, पण आईने तिला पाणी आणायला पिटाळलं.

मी करंज्यांचं ताट द्यायला गेले, तर जानकीआई विळीवर बसून भाजी चिरावी तसं जाळं चिरत होती. मी दारातच उभी राहिले. ती हात न थांबवता म्हणाली, "जाळं अर्धं हाय तवर होडी जाळ्यापायी थांबलीय, बाय. पुरं झालं तं पोरापायी थांबली म्हनतील. त्याला कोनी बोललेलं मना नाय खपत."

इतके दिवस पाहिलेला गोंधळ खरा किती आणि मुद्दाम केलेला किती, हे मला आजतागायत उलगडलेलं नाही. तेलाचं तरी खरं असावं. पण त्या क्षणी हातातलं ताट कुठे ठेवावं तेही मला सुचेना.

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी नारळ घेऊन किनाऱ्यावर निघाली. शेजारची गंगू ओट्याशी थांबली. काल जाळं पुरं झालेलं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, मग होडी का नाही, असं तिने विचारलं. जानकीआईने सुईने डोकं खाजवलं. ती माझ्याकडे पाहू लागली.

मी म्हणाले, "उंदरांनी कुरतडलं हो. आमच्याच खोलीतले उंदीर."